देणगी नव्हे, देणे

होळीच्या तोंडावर दरवर्षी आहवा येथे डांग दरबार भरतो. गुजरातचे राज्यपाल तेथे येतात, बग्ग्यांतून मिरवणूक निघते, आणि गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा व पिंपरी या पाच गाद्यांच्या भिल्ल राजांना, तसेच नाईक व भाऊबंदांना, शासनाकडून सालियाना दिला जातो. ही वार्ता वाचून आपल्या उधन्यात पुष्कळ लोक हसतात. संस्थानिकांचे तनखे 1971 साली घटनादुरुस्तीने बंद झाले. मग या राजांनाच सरकार फुकट पैसा का वाटते, असे ते विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यातील ‘फुकट’ हा शब्द आम्हांस मान्य नाही.

हा पैसा मुळात आला कोठून? 1842 साली इंग्रजांनी डांगचे सागवान तोडण्याचा हक्क तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतला. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधावयास उत्तम सागवान हवे होते, आणि ते डांगात मुबलक होते. पट्टा म्हणजे विक्री नव्हे. घर भाड्याने घेणारा दरमहा भाडे देतो, त्यास कोणी दानशूर म्हणत नाही. इंग्रज सरकार राजांना जी रक्कम देऊ लागले, ती त्याच जातीची होती. पुढे मात्र भाडेकरूच घराचा मालक होऊन बसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने सीमा आखल्या, राखीव जंगले ठरविली आणि फिरत्या शेतीस बंदी घातली. ज्यांच्या संमतीने कुऱ्हाड आत आली, त्यांनाच स्वतःच्या रानात परवानगी मागण्याची पाळी आली.

अजय स्कारिया या इतिहासकाराने डांगी लोकांच्या तोंडच्या कथा जमवून 1999 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. डांगी माणूस आपल्या गतकाळाचे दोन भाग करतो, असे त्यात दिसते: सीमा आखल्या जाण्यापूर्वीची ‘मोगलाई’ आणि त्यानंतरची ‘मंदिनी’. आपण मराठीत अंदाधुंदीला मोगलाई म्हणतो. डांगात त्याच शब्दाचा अर्थ मोकळेपणाचे दिवस असा होतो. एकाच शब्दाचे दोन गावी असे दोन अर्थ का व्हावेत, याचा विचार भाषेच्या तासाला अवश्य व्हावा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात, त्यांना डांगी बोली फारशी परकी वाटणार नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात तिला खानदेशीच्या शेजारीच बसविले आहे.

स्वराज्य आल्यावर डांग मुंबई राज्यात सामील झाला आणि 1 मे 1960 रोजी गुजरातकडे आला. तो महाराष्ट्राचा की गुजरातचा, यावर त्या काळी मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंनी भाषेचे दाखले दिले गेले. रान कोणाचे, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

आता जरा दूर पाहू. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिकमाव लोकांनी अठराव्या शतकात इंग्रज राजाशी शांततेचे व मैत्रीचे करार केले. त्यांतील 1752 च्या करारात दरवर्षी 1 ऑक्टोबरला त्यांना वस्तू देण्याचे वचन होते. हा करार जिवंत आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले, आणि 1986 पासून नोव्हा स्कोशिया प्रांतात 1 ऑक्टोबर हा करारदिन म्हणून पाळला जातो. पण ते लोक समारंभावर थांबले नाहीत. 1993 साली डोनाल्ड मार्शल यांनी 463 पौंड वाम मासे पकडून 787 डॉलरांना विकले. सरकारने खटला भरला. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने 1760-61 च्या करारांकडे बोट दाखवून निर्णय दिला, की मासेमारी करून माफक उपजीविका करणे हा त्यांचा करारसिद्ध हक्क आहे. 2020 साली त्यांच्यातील एका समाजाने स्वतःच्या नियमांनी शेवंड पकडण्यास आरंभ केला, तेव्हा इतर मच्छीमारांनी दंगा केला आणि एक साठवणगृह जळून खाक झाले. कागदावरचा हक्क पाण्यात उतरविताना काय सोसावे लागते, ते यावरून दिसते.

आमचे म्हणणे हे की, डांगचा करारही असाच वाचला पाहिजे. सालियाना चालू राहिला ही गोष्ट चांगली. पण तो करारातील अगदी लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो रानावरील लोकांच्या अधिकाराचा, आणि तो पाच राजांपुरता असू शकत नाही. गावोगावच्या सामान्य कुणबी, वारली, कोकणा व भिल्ल कुटुंबांचाही त्यात वाटा आहे. त्यासाठी आज कायदा आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस मान दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर वनवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे उद्देशिकेतच कबूल करून, गावाला आपले सामूहिक वन सांभाळण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर हा हक्क मिळविला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने होतात. म्हणून बैठका लांबतात, पण झालेला निर्णय मोडत नाही. बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक पासही 2011 पासून त्यांची ग्रामसभाच देऊ लागली.

कोणी म्हणेल, हे आपल्याला कशाला? बारडोलीकडे उसाच्या तोडीसाठी कोयता घेऊन येणारी कुटुंबे पाहा. त्यांतील कित्येक डांगची असतात. रान हातचे गेले म्हणून हंगामभर उसाच्या फडाशेजारी झोपडी घालावी लागते, आणि त्यांच्या मुलांची शाळा त्या महिन्यांत बुडते. आपल्या वाडवडिलांनीही पोटासाठी ताप्तीकाठची आगगाडी धरून उधना गाठले. त्यामुळे हे दुःख आपणांस सांगून समजावे लागू नये.

पार-तापी-नर्मदा नदीजोड योजनेत चिक्कार, दाबदर व केळवण ही तीन धरणे डांगात बांधावयाची होती. गावे बुडणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले, आणि मे 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनी ही योजना रद्द केल्याचे जाहीर केले. ती घोषणा आपल्याच सुरत शहरात झाली. लोकांचा आवाज ऐकला गेला, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु आधी नकाशा, मग मोर्चा, मग माघार, हा क्रम उलटा आहे; ग्रामसभेला विचारणे पहिल्या दिवशी व्हावयास हवे होते.

शाळांच्या सहली सापुताऱ्याला जातात, तलावात होडी फिरते, आणि आहवा मागे राहतो. आमची सूचना अशी, की एखाद्या वर्षी सहल दरबाराच्या दिवसांत काढावी. मिरवणूक पाहून झाल्यावर मुलांनी जवळच्या एखाद्या गावी जाऊन विचारावे, तुमच्या ग्रामसभेकडे वनहक्काचा कागद आला आहे काय, आणि आला असल्यास तो कोणाच्या कपाटात आहे.