पडदा न्हावऱ्यातही लागावा

शिरूरहून चौफुल्याला जाताना न्हावरे लागतं. घोडगंगा साखर कारखान्याचं हे गाव. हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत जावं लागतं. साखर, सहकार आणि सत्ता यांचं नातं इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. ते नातं पडद्यावर धीटपणे मांडलं ‘सामना’नं. तो काढणारे बडे स्टुडिओवाले नव्हते. निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे, पेशानं चित्रकला शिक्षक. दिग्दर्शक जब्बार पटेल तर इथल्या शेजारच्या दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. लेखन विजय तेंडुलकरांचं. निळू फुल्यांचा साखरसम्राट आणि डॉ. लागूंचा मास्तर यांच्यातला तो झगडा 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरला.

स्वतंत्र सिनेमा तो हाच: गोष्ट आपल्या मातीतली आणि जोखीमही आपल्याच अंगावर घेतलेली. ही परंपरा मराठीत तुटलेली नाही. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी ‘श्वास’नं सुवर्णकमळ आणलं, पुढे ‘कोर्ट’ आणि ‘कासव’नंही. कौतुक झालं, सत्कार झाले. पण ज्यांची गोष्ट, त्यांच्या गावापर्यंत असे सिनेमे पोचतच नाहीत. शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये अडनिड्या वेळेचा एखादा खेळ मिळतो आणि आठवडाभरात तोही उतरतो. गावात येते ती मोबाइलवरची चोरीची प्रत. तिच्यातून निर्मात्याच्या हाती छदामही पडत नाही, मग पुढचा सिनेमा त्यानं कशाच्या बळावर काढावा?

एके काळी जत्रेत तंबू लागायचा. ट्रकमध्ये मशीन, समोर पांढरा पडदा, जमिनीवर पोतं अंथरून बसलेली घरंच्या घरं. थंडीत एका घोंगडीत तिघं जण असायचे, पण तिकीट काढलेलं असायचं. आज प्रोजेक्टर पिशवीत मावतो. मंगल कार्यालयं आहेत, शाळांची सभागृहं आहेत. कमी आहे ती पुढाकाराची.

1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून ‘मंथन’ हा सिनेमा उभा केला. आपल्याकडे दूध संघ आहेत, कारखाने आहेत, बाजार समित्या आहेत. सिनेमा काढायचं सोडा, महिन्याला एक चांगला मराठी सिनेमा निर्मात्याला रीतसर पैसे मोजून गावात आणणं त्यांना जड नाही. ‘सामना’ची गोष्ट ज्याच्या नाहीसं होण्याभोवती फिरते, तो मारुती कांबळे साकारणारे डॉ. मोहन आगाशे पुढे ‘कासव’चे निर्माते झाले. आपले सिनेमे घेऊन ते स्वतः ठिकठिकाणी गेले, खेळानंतर प्रेक्षकांशी बोलत बसले. निर्माता एवढी पायपीट करतो, तर गावानं निदान दार उघडं ठेवावं.

खेळ फुकट मात्र नको. वीस-तीस रुपये का होईना, तिकीट हवंच. फुकटच्या खेळाला माणूस मधेच उठून जातो. पदरच्या पैशानं पाहिलेल्या सिनेमावर तो हक्कानं बोलतो, भांडतोही. असा प्रेक्षक लाभला तर छोटा निर्माता तगेल.

न्हावऱ्यानं सुरुवात करावी. पहिला खेळ ‘सामना’चाच ठेवावा. दौंडच्या डॉक्टरानं केलेला उसाच्या राजकारणाचा सिनेमा उसाच्या गावानं एकत्र बसून पाहावा. आणि दिवे लागल्यावर लगेच उठू नये. मारुती कांबळेविषयी बोलत बसावं.