नेमणुकीचं पत्र नीट वाचलंत का?

मैत्रिणींनो, पेणहून वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की दोन्ही बाजूंना भातशेती लागते. त्याच वाटेवरच्या अलिबागजवळ, एका खेड्यात, देशाच्या नौदलाचे एक निवृत्त प्रमुख शेती करून राहत असत. त्यांचं नाव ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. १९७१ च्या युद्धात 'बियास' या युद्धनौकेचं नेतृत्व करून त्यांनी वीरचक्र मिळवलं. भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी झटले म्हणून २००४ साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. १५ मार्च २०२४ रोजी, वयाची नव्वदी ओलांडून, ते गेले.

पण आपण बायकांनी त्यांची आठवण ठेवायची ती वेगळ्याच कारणासाठी. १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, नौदलात वैद्यकीय शाखेबाहेर बायका पहिल्यांदा अधिकारी म्हणून आल्या. तीन मुलींच्या बापाला हे सुचलं यात नवल ते काय! सुरुवातीला तीनच शाखा खुल्या झाल्या: पुरवठा, शिक्षण आणि कायदा. म्हणजे रोह्याची एखादी मुलगी एलएल.बी. झाली, तर तिला गणवेश घालून वकिली करायची वाट मिळाली.

दार उघडलं खरं, पण अर्धंच. नेमणूक होती ठरावीक मुदतीची. ती वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत जाई. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला मात्र वीस वर्षं नोकरी लागते. म्हणजे ऐन चाळिशीच्या आसपास, मुलं शाळेत असताना, हातात निरोपाचं पत्र. आणि पेन्शन नाही!

मग सतरा जणी कोर्टात गेल्या. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. अडचणी काय सांगितल्या, ऐका: रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत, ही त्यातली एक! अहो, घरी पाहुणी आली तर आपण तिची सोय करतो, का न्हाणीघर लहान म्हणून तिला दारातून परत पाठवतो? सर्वोच्च न्यायालयाला हे काही पटलं नाही. १७ मार्च २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी निकाल दिला: पुरुषांप्रमाणेच बायकांनाही कायम नेमणुकीचा हक्क आहे. लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराजा यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. लढणाऱ्यांपैकी ज्या तोवर नोकरीतून बाहेर पडल्या होत्या, त्यांच्या पेन्शनचाही विचार न्यायालयाने केला.

पहिल्या तुकडीपासून या निकालापर्यंत अठ्ठावीस वर्षं गेली. यातून आपण काय घ्यायचं? नोकरी लागली की आपण पेढे वाटतो, आणि पत्र देवापुढे ठेवतो. ठेवावं, जरूर ठेवावं. पण आधी वाचावं! पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हिशेब लिहायला जाणारी असो, धाटावच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागलेली असो, की शाळेतली शिक्षिका असो. तीन गोष्टी विचाराच.

एक, नेमणूक कायम आहे की मुदतीची? मुदतीची असेल तर किती?

दोन, कायम करण्याचा नियम कागदावर आहे का? 'पुढे बघू' हे उत्तर धरू नका.

तीन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांपैकी काय मिळणार, आणि किती वर्षांनी?

विचारताना संकोच वाटेल. 'आत्ताच लागलीय, लगेच काय विचारायचं?' असं घरचेही म्हणतील. म्हणू देत. पत्राची एक प्रत काढून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. रामदासांसारखा भला माणूस दार उघडून देतो; पण त्या दाराला आतून कडी कुठे आहे, ते आपलं आपणच पाहायचं असतं.