शोध समाजाचा, मालकी कोणाची?

मँचेस्टर हे नाव समाजवादी चळवळीला नवे नाही. तेथील गिरणी कामगारांचे जिणे जवळून पाहूनच फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील आपला ग्रंथ १८४५ साली प्रसिद्ध केला. त्याच शहरातील विद्यापीठात २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी ग्रॅफाइटवर, म्हणजे शिसपेन्सिलीत असते त्या पदार्थावर, साधी चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून कार्बनचा अवघ्या एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. हेच ग्राफीन. पोलादाहून कितीतरी बळकट आणि विजेचे उत्तम वाहक असलेल्या या पदार्थावरील संशोधनास २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे संशोधन वाढले कोणाच्या पैशावर? युरोपीय संघाने २०१३ साली दहा वर्षांसाठी शंभर कोटी युरोंची योजना हाती घेतली. मँचेस्टरच्या राष्ट्रीय ग्राफीन संस्थेस आलेल्या ६.१ कोटी पौंडांच्या खर्चापैकी ३.८ कोटी ब्रिटिश सरकारने व उरलेले युरोपीय प्रादेशिक विकास निधीने दिले. म्हणजे सारा पैसा जनतेचाच.

पेटंटांचे चित्र मात्र निराळे आहे. २०१२ अखेरच्या एका मोजणीनुसार ग्राफीनविषयक सात हजारांहून अधिक पेटंटे व अर्ज होते. त्यांपैकी एकट्या सॅमसंगकडे ४०७, तर साऱ्या ब्रिटनकडे ५४. तेव्हा ब्रिटनमध्ये हळहळ झाली ती देश मागे पडल्याची. परंतु हा प्रश्न देशाभिमानाचा नव्हे. पेटंट लंडनच्या भांडवलदाराकडे आहे की सोलच्या, याने कामगाराच्या स्थितीत काय फरक पडतो? कारखाना उभारणाऱ्याला त्याच्या गुंतवणुकीचा मोबदला मिळावा, हे मान्य. पण अपयशाची शक्यता सर्वाधिक होती तो टप्पा समाजाने आपल्या खर्चाने ओलांडला, हे विसरून कसे चालेल?

जोखमीचेही तसेच. एडिंबरा येथील शास्त्रज्ञांनी २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, कार्बनच्या लांब नॅनोनलिका ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच अपाय करू शकतात. अशा नलिकांच्या एका प्रकारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली संभाव्य कर्करोगकारक ठरवले. ग्राफीन म्हणजे नॅनोनलिका नव्हे, हे खरे. तथापि ॲस्बेस्टॉसचा धडा विसरण्याजोगा नाही : तो रोग कित्येक दशकांनी प्रकट होतो, आणि तोवर कामगार निवृत्त झालेला असतो.

भारतातही २००७ साली नॅनो मिशनसाठी पाच वर्षांचे एक हजार कोटी रुपये मंजूर झाले. केरळात केंद्र व राज्य सरकारच्या साहाय्याने आणि टाटा स्टीलच्या सहभागाने ग्राफीन केंद्र उभारण्यात आले आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र सार्वजनिक पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे सार्वजनिक संस्थांकडेच राहावीत, कोणा एका कंपनीला मक्तेदारीचा परवाना मिळू नये, आणि नॅनोकणांच्या धुळीत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली जावी, या मागण्या संघटनांनी आताच पुढे केल्या पाहिजेत. उद्योग विस्तारून हितसंबंध घट्ट झाल्यावर त्या ऐकण्यास कोणी तयार असणार नाही.