मेकॅनिक आधीच मोठी रक्कम मागतोय; द्यायची की नाही?

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला की शेतकऱ्याकडे थांबायला वेळ नसतो. समजा, वलगावच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोलावं लागणार आहे. मेकॅनिकने ६० हजारांचा अंदाज सांगितला आणि ४० हजार आधी मागितले. द्यावेत का?

आगाऊ रक्कम का मागतात?

मागणारा प्रत्येक जण फसवणारा नसतो. पिस्टन, लायनर, बेअरिंग हे सामान रोखीने आणावं लागतं. लहान गॅरेजवाल्याकडे तेवढं भांडवल नसतं. काही गिऱ्हाईकं गाडी लावून महिनोन् महिने फिरकत नाहीत. त्यामुळे सामानापुरती रक्कम मागणं रास्त आहे.

मजुरीही आधी द्यायची का?

तशी गरज नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, वेगळा करार नसेल तर, केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणजे मजुरीसाठी त्याच्याकडे ट्रॅक्टरच तारण असतो. मोठी रक्कमही आधी दिली, तर ट्रॅक्टरही त्याच्याकडे आणि पैसेही त्याच्याकडे. काम रखडलं तर शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

मग मार्ग काय?

आधी सामानाची यादी आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. अमरावती जवळच आहे. शक्य असल्यास यादी घेऊन स्वतः दुकानात जावं, पैसे थेट दुकानदाराला द्यावेत आणि बिल आपल्या नावाने घ्यावं. ते जमत नसेल तर फक्त सामानाची रक्कम यूपीआयने द्यावी, म्हणजे नोंद राहते. मजुरी ट्रॅक्टर सुरू करून पाहिल्यावर द्यावी. काम कधी पूर्ण होणार ती तारीख आणि खर्च वाढल्यास आधी विचारण्याची अट व्हॉट्सॲपवर लिहून घेतली तरी पुरावा होतो. काढलेले जुने पार्ट परत मागावेत.

पैसे अडकले तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी ट्रॅक्टर चालवणाराही ग्राहक ठरतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पण निकाल लागेपर्यंत पेरणी थांबत नाही. म्हणून खरी काळजी पैसे देण्याआधीच घ्यावी लागते. मेकॅनिक यादी द्यायला तयार असेल, तर सामानापुरते पैसे द्यायला हरकत नाही. यादी न देता नुसता आकडा सांगत असेल, तर इंजिन खोलू देण्याआधी दुसऱ्या गॅरेजात विचारलेलं बरं.