होम थिएटर महागडे, पण खोलीचे काय?

राधानगरीत पावसाळ्यात संध्याकाळी बाहेर पडण्याचे नावच नको. त्यामुळे घरच्या हॉललाच थिएटर करण्याची हौस आता तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. रिसीव्हर येतो, पाच-सहा स्पीकर भिंतीवर चढतात आणि पहिल्याच चित्रपटात तक्रार सुरू होते. मारामारी आली की कपाटातली भांडी थरथरतात, पण नायक काय बोलला ते कळत नाही. रिमोट हातातून सुटत नाही. दोष रिसीव्हरला दिला जातो. बहुतेक वेळा तो खोलीचा असतो.

हल्ली अनेक रिसीव्हरसोबत छोटा माइक मिळतो. तो बसण्याच्या जागी ठेवला की प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज निघतो. कोणता स्पीकर किती लांब, कोणाचा आवाज मोठा, कोणता सूर फुगतो, याचा हिशेब प्रोसेसर मांडतो आणि त्यानुसार आवाज सुधारतो. हेच रूम कॅलिब्रेशन. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, काही महागड्या यंत्रांत डिराक लाइव्ह. नावे वेगळी, काम साधारण तेच.

काम उपयोगाचे, पण अर्धेच. समजा हॉल बारा बाय दहा फुटांचा आहे आणि स्लॅबही दहा फुटांवर. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज अडकून घुमतो. इथे रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून तो दोन्हीकडून जोर धरतो. बारा फुटांची लांबी हेच ४७ हर्ट्झला करते. असा फुगलेला खर्ज प्रोसेसर छाटतो, आणि चांगला छाटतो. मात्र सोफा लांबीच्या बरोबर मधोमध असेल, तर तिथे हाच ४७ हर्ट्झचा सूर जवळपास नाहीसा होतो. तो भरून काढायला १० डेसिबल वाढवायचे, तर अ‍ॅम्प्लिफायरला दहापट ताकद लागते आणि हाती फारसे काही येत नाही. सोफा दोन फूट मागे सरकवायला मात्र पैसे पडत नाहीत.

दुसरा प्रश्न घुमण्याचा. गुळगुळीत फरशी, प्लॅस्टर, मोठ्या काचा यांवर आदळून शब्द एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवत हे घुमणे मोजले होते. जाड सतरंजी, दुपदरी पडदे, भिंतीवर टांगलेली गोधडी हे काम आजही करतात; प्रोसेसरला ते जमत नाही. उलट ५६ हर्ट्झची लाट वीस फुटांची, तिला गोधडी काय अडवणार? तिथे प्रोसेसरच हवा.

खोलीने आवाज घडवायचा असतो, हे कोल्हापूरला नवे नाही. राधानगरीचे धरण बांधायला घेणाऱ्या शाहू महाराजांनीच कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले. १९१५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा गायक नटांपुढे माइक नव्हता. आवाज पोहोचवायचा तो गळ्याने आणि वास्तूने. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत सापडले, तेव्हाची हळहळ केवळ भिंतींसाठी नव्हती.

म्हणून दुकानदार वरचे मॉडेल पुढे करील तेव्हा थोडे थांबावे. आधी सतरंजी अंथरावी, सोफा सरकवावा, मग मोजमाप घ्यावे. माइक हातात धरू नये. बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर स्टँडवर ठेवावा. यंत्र परवानगी देईल तितक्या जागी, पण सोफ्याच्या आसपासच मोजावे. पंखा, मिक्सर बंद. आणि घरावर पत्रा असेल, तर पावसाची सर ओसरेपर्यंत वाट पाहावी, नाहीतर चाचणीच्या आवाजात पत्र्यावरचा पाऊसही मोजला जाईल.