लशीची सक्ती आणि समतेची कसोटी

२३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला फुटबॉल संघाची चिनी तैपेईशी लढत व्हायची होती. ती झालीच नाही. करोनाची लागण संघात इतकी पसरली की नियमाने लागणारे १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. अंधेरीच्या क्रीडासंकुलासह तीन मैदानांवर भरलेल्या आशियाई चषक स्पर्धेतून यजमान संघालाच बाहेर पडावे लागले आणि विश्वचषकाची वाटही बंद झाली. बरोबर एक आठवडा आधी, लस न घेतलेल्या नोवाक जोकोविचला ऑस्ट्रेलियाने परत पाठविले होते.

त्या वेळी व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा गजर झाला. परंतु साथीच्या रोगात एकाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. करोनाची लस संसर्ग पूर्णपणे थांबवीत नव्हती हे खरे. तथापि गंभीर आजार आणि रुग्णालयांवरील भार तिने निश्चित कमी केला. पीतज्वराच्या प्रदेशातून भारतात येणाऱ्याकडे, तो खेळाडू असो वा खलाशी, लसीकरणाचा दाखला मागितला जातो आणि त्याला कोणी जुलूम म्हणत नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी लशीची अट घालणे तत्त्वतः न्याय्य आहे.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ही अट कोणाला लागू होते आणि ती पाळण्याचे साधन कोणाला मिळते?

जून २०२१ मध्ये सामान्य नागरिकाला कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये ८४ दिवस थांबावे लागे. टोकियो ऑलिंपिकला जाणारे खेळाडू आणि शिक्षण वा नोकरीसाठी परदेशी निघालेले यांच्यासाठी केंद्राने ही मुदत २८ दिवसांवर आणली. खेळाडूंना मिळालेल्या या सवलतीचा हेवा करण्याचे कारण नाही. पण १५ ऑगस्टला मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली, तीही दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस उलटलेल्यांनाच. साधा हिशोब करावा. ३० जूनला पहिली मात्रा मिळालेल्या बोरिवलीच्या वा मुलुंडच्या कामगाराला ऑक्टोबर उजाडेपर्यंत गाडीत पाऊल ठेवता येत नव्हते. त्याने लस नाकारली नव्हती. ती त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचली होती. खासगी रुग्णालयात कोविशील्डचा दर ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनचा १४१० रुपये ठरला होता. टंचाई आणि बाजार एकत्र आले की काय होते, हे कांदिवलीने पाहिले. तेथील एका गृहसंकुलात ३९० रहिवाशांना पैसे घेऊन बनावट लस टोचण्यात आली.

हा केवळ आपल्याच देशाचा दोष नव्हे. न्यूयॉर्क महापालिकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये लस न घेतलेल्या १४०० हून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले आणि पुढच्याच महिन्यात व्यावसायिक खेळाडूंना व कलावंतांना त्या अटीतून मुक्त केले. मे २०२१ मध्ये फायझर व बायोएनटेक यांनी ऑलिंपिकच्या चमूंसाठी लस देऊ केली, तेव्हा आफ्रिकेत असंख्य परिचारिकांना पहिली मात्राही मिळालेली नव्हती. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मागितलेली पेटंटमधील सूट जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये दिली, तीही अर्धीमुर्धी. सारांश, नियम सर्वांसाठी असतात. सूट मात्र ज्याच्या अंगी बाजारमूल्य आहे त्याच्यासाठी.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायच्या आहेत. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच नियम आज, शांतपणे ठरविले पाहिजेत. लशीची अट वैज्ञानिक पुराव्यावर आधारलेली आणि मुदतबंद असावी. वैद्यकीय कारणाने द्यावयाची सूट तज्ज्ञांनी जाहीर निकषांवर द्यावी. खेळाडूची कीर्ती आणि प्रक्षेपणाचे करार यांना तेथे स्थान नसावे. आणि सक्तीचा हुकूम काढण्यापूर्वी लस महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात विनामूल्य मिळाली पाहिजे.

कर्तव्याची मागणी करण्याचा अधिकार शासनाला आहे, पण तो हक्क पुरविल्यानंतरच. विमानतळावरील विजेत्याला आणि घाटकोपरच्या फलाटावरील हमालाला एकच माप लावण्याची ज्या शासनाची तयारी नाही, त्याची सक्ती लोक भीतीने पाळतील; ती न्याय्य आहे असे मात्र मानणार नाहीत.