उसने घ्या, पण नाव सांगा

ट्रॉम्बेत ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. आराखडा आणि उभारणी इथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांची, इंधन मात्र ब्रिटनचे. ते कोणी लपवले नाही आणि त्याने अप्सरेचा मानही कमी झाला नाही. उसने काय आणि आपले काय हे स्वच्छ सांगण्याची ही रीत ट्रॉम्बे-चेंबूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी आज आठवावी.

निमित्त आहे ‘गूगल समर ऑफ कोड’सारख्या ओपन सोर्स उपक्रमांचे. २००५ पासून चालणाऱ्या या उपक्रमात उमेदवाराने आपण कोणते काम, कसे आणि किती दिवसांत करणार, याचा प्रस्ताव लिहायचा असतो. निवड झाली तर मानधन मिळते. आधी निवडले गेलेले कितीतरी प्रस्ताव इंटरनेटवर सहज सापडतात आणि मोह तिथेच होतो. ‘सगळे खुलेच आहे, मग उचलले तर बिघडले कुठे?’

बिघडते. खुले म्हणजे बेवारस नव्हे. ‘एमआयटी’सारखा अगदी सैल परवानाही कोड वापरायला, बदलायला, विकायला मुभा देतो, पण मूळ लेखकाच्या हक्काची ओळ पुसू देत नाही. शिवाय कोडला परवाना असला, म्हणून कोणाच्या प्रस्तावालाही तो लागू होतो असे नाही.

प्रश्न केवळ नीतीचा नाही. ‘ओपनएमआरएस’ ही रुग्णांच्या नोंदी ठेवणारी ओपन सोर्स प्रणाली आहे. तिच्यावर आधारलेली एक व्यवस्था छत्तीसगडमधील गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ रुग्णालयासाठी तयार झाली. अशा प्रकल्पात औषधाच्या मात्रेची नोंद कुठे होते हे न समजता, दुसऱ्याचा आराखडा उतरवून कोणी आत शिरला, तर त्याची चूक शेवटी रुग्णाच्या कागदावर उमटू शकते. मार्गदर्शक प्रस्तावातून भाषा तपासत नाहीत, समज तपासतात.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांकडूनच होते असेही नाही. औषधांच्या पेटंटविषयी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाला २००७ मध्ये आपला अहवाल मागे घ्यावा लागला. त्यातील काही मजकूर दुसऱ्या अभ्यासातून जवळजवळ जसाच्या तसा आला होता. सुधारित अहवाल २००९ मध्ये सादर झाला. मूळ विषय लाखो रुग्णांच्या औषधांशी जोडलेला. पण काही परिच्छेदांनी सगळ्या अहवालावर संशय ओढवला.

टाळणे अवघड नाही. जुने प्रस्ताव जरूर वाचा, पण लिहायला बसताना ते मिटून ठेवा. आधी प्रकल्पातील एखादी लहान चूक दुरुस्त करून पाहा. लिहिण्याजोगे त्यातूनच सापडते. दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा, कल्पना घेतली असेल तर तिच्या धन्याचे नाव आणि दुवा द्या. शब्द फिरवले किंवा भाषांतर केले म्हणून कल्पना आपली होत नाही. यंत्राकडून मजकूर लिहून घेतला असेल, तर नियम पाहा आणि तसे सांगा. कच्चा मसुदा मार्गदर्शकांना लवकर दाखवा.

इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल. उतरवलेल्या सफाईदार पानावर मार्गदर्शकाने पहिला प्रश्न विचारला, की उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.